सुट्टी नेमकी कुणाला लागते?



मार्च लागला की आपल्या शाळा सकाळच्या होतात. सकाळी मूल अर्धवट झोपेत शाळेला येतं आणि अकरा-साडेअकराला दप्तर घेऊन घरी. त्या वेळेला आई-बाबा शेतात, दुकानात नाहीतर ऑफिसात असतात. बाहेर ऊन मी म्हणत असतं. घरात आजी असली तर आजी, नाहीतर शेजारच्या काकूंकडे किल्ली. तेव्हापासून संध्याकाळी पाचपर्यंतची ती लांबलचक दुपार! कॅलेंडरमध्ये सुट्टी मे महिन्यात लागत असेल, पण घरातली सुट्टी ही अशी मार्चमध्येच हळूहळू सुरू होते. २०२५ साली तर वार्षिक परीक्षाच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. म्हणजे सकाळी परीक्षेचा ताण आणि दुपारी घरात काय करायचं हा प्रश्न, दोन्ही एकदमच.

याच दिवसांत पालक भेटले की विचारतात, "मॅडम, सुट्टीत काय अभ्यास देणार? पोरगं नुसतं मोबाईल घेऊन बसतंय." दरवर्षी मीही ठरलेलं उत्तर द्यायचे. रोज एक पान शुद्धलेखन, दहा गणितं, पाढे पाठ. पालक खूश, मीही खूश. हा लेख लिहायचं कारण असं, की ते उत्तर आता मला पटत नाही. का पटत नाही ते सांगते. तुम्हाला पटलं नाही तर जरूर वाद घाला.

आमची शाळा लातूर जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. जूनमध्ये शाळा उघडली की बहुतेक सगळे शिक्षक देतात तो विषय मीही देते, 'माझी उन्हाळ्याची सुट्टी', दहा ओळी. आणि दरवर्षी तेच वाचायला मिळतं. मी मामाच्या गावाला गेलो. आंबे खाल्ले. नदीत पोहलो. खूप मजा आली. ज्याचा मामा आमच्याच गावात पलीकडच्या गल्लीत राहतो, तोही मामाच्या गावाला जाऊन आलेला असतो! आणि आमच्या नदीला मे महिन्यात पाय भिजण्याइतकंही पाणी नसतं. दोष मुलांचा नाही. निबंध असाच असतो असं आपणच त्यांना शिकवलंय.

मग एका वर्षी मी म्हटलं, "गाईडमधला नको, फळ्यावरचा नको. घरी खरंच जे केलंत तेवढंच लिहा. चुकलं तरी चालेल."

तिसरीतल्या एका मुलीचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. तिने लिहिलं होतं, "मी सकाळी पाणी भरले. मी बाळाला सांभाळले. मी भांडी घासली. मी दुपारी पाणी भरले. दादा खेळायला गेला. मी बाळाला झोपवले." दहा ओळींत चार वेळा पाणी. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तिचा दादा माझ्याच वर्गात चौथीच्या रांगेत बसतो. त्याचा कागद त्याच गठ्ठ्यात होता. "मी क्रिकेट खेळलो. मी मोबाईल बघितला. मी झोपलो. मला खूप कंटाळा आला."

दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि मी बराच वेळ बघत बसले. घर एक, आई-बाप एक, दुपारही एकच. एकीला इतकं काम की सुट्टी कधी आली नि कधी गेली ते कळलं नाही. दुसऱ्याला इतकी सुट्टी की कंटाळा आला. आणि मी त्या दोघांनाही एकाच मापाने मोजून सुट्टीचा अभ्यास दिला होता. चाळीस पानी वही.

त्या दिवशी घरी येताना मी मनातल्या मनात त्या आई-वडिलांना नावं ठेवत होते, हे कबूल करते.

आता माझ्या घरचं सांगते. माझी लेक दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. पुढच्याच एप्रिलमधली गोष्ट. रविवार होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात लग्नघाई. पाणी आल्याची हाक ऐकू आली आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "ताई, पाणी आलंय, पाइप लाव! ताई, माठ धुऊन घे! ताई, तो ड्रम भरला का बघ!" लेक हातातलं पुस्तक पालथं ठेवून उठली. तिसऱ्या हाकेला ती ओल्या फ्रॉकने दारात येऊन उभी राहिली. आत पलंगावर तिचा भाऊ लोळत होता, मोबाईलवर कार्टून लागलेलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली,

"आई, सुट्टी फक्त यालाच लागली का गं?"

मी वर्गात समानतेचे धडे शिकवते. 'आई काम करते, बाबा काम करतात' ही चित्रं दाखवून मुलांना प्रश्न विचारते. बालिका दिनाला भाषण करते. आणि माझ्या तोंडून तीन हाका निघाल्या त्या तिन्ही लेकीच्याच नावाच्या. मुद्दाम नाही, सवयीने. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला लगेच दिसतं. आपल्या घरातलं दिसायला दहा वर्षांच्या मुलीला ओल्या कपड्यांत दारात उभं राहावं लागलं.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय. उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येक लहान मुलाला, मुलगा असो की मुलगी, एक खरं काम द्या. पण एकच. ज्याला एकही नाही त्याला द्या, आणि जिच्याकडे दहा आहेत तिच्याकडची नऊ काढून घ्या. हे झालं तर सुट्टीच्या अभ्यासाची वही नसली तरी माझी काही तक्रार नाही.

काम म्हणजे शिक्षा नव्हे, हे आधी सांगून टाकते. कारण आपल्याकडे काम सांगायची पद्धतच अशी आहे, "लई मस्ती करतोस ना, चल, झाडू घे!" असं म्हटल्यावर त्या झाडूला मूल आयुष्यात हात लावणार नाही. आणि 'मदत कर' असंही नको. मदत म्हणजे काम दुसऱ्याचं, आपण उपकार करतोय. काम त्याच्या नावावर करा. "माठ तुझा. घरात कुणालाही गार पाणी मिळालं नाही तर तुला विचारणार." बघा, सात वर्षांच्या मुलाची मान कशी ताठ होते!

आमच्याकडे माठ मुलाकडे आला. पहिल्या दिवशी त्याने अर्धा तांब्या माठात आणि दीड तांब्या फरशीवर ओतला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाण्याची एवढी ओढ, आणि त्याच्या हातात कशाला देतेस?" त्यांचं चूक नव्हतं. लातूरकरांना पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते आम्ही विसरलेलो नाही. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात आम्ही भाजी धुतलेलं पाणी झाडाला, अंघोळीचं पाणी संडासला असं वापरलंय. त्यामुळे सांडलेलं पाणी बघून सासूबाईंच्या पोटात तुटणारच.

पण मी म्हटलं, चार दिवस बघू. सांडलेलं त्यानेच पुसायचं, आणि पुसलेलं फडकं कुंडीत पिळायचं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच शोध लावला की घागर वाकवण्याऐवजी लहान तांब्याने माठ भरला तर सांडत नाही. मग मोजू लागला. अठरा तांबे झाले की माठ भरतो. दुपारी पाहुणे आले तर दहा तांबे कमी होतात. मग संध्याकाळी मला येऊन सांगायचा, "आई, आज सगळे मिळून चौदा तांबे पाणी प्यायलो." वजाबाकी शिकवायला मी वर्गात मणी वापरते, खडे वापरते. त्याला वजाबाकी माठात सापडली.

शिक्षक मित्रांना वाटेल, यात नवीन ते काय? खरंच काही नवीन नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण हाच विचार मांडला, त्यातून नई तालीम आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. हे सगळं आपण डी.एड.ला पाठ केलं, पेपरात लिहिलं, गुण मिळवले. आणि नोकरीला लागल्यावर सुट्टीत काय दिलं? चाळीस पानी वही!

त्या वहीचं पुढे काय होतं ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. मे महिनाभर ती कपाटावर पडून असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शोधाशोध. मग रात्री जागून आई लिहिते, मोठी बहीण लिहिते, कधी बाबा लिहितात. एका वहीत तर मला डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं अक्षर सापडलं होतं! निम्म्या वह्या येतच नाहीत. ज्या मुलाला खरी गरज असते त्याची तर हमखास येत नाही. आणि आपण शिक्षकही त्या वह्या किती वाचतो? पान उलटतो, लाल पेनाने सही करतो. मीही तेच केलंय. मग हा अभ्यास कुणासाठी?

"पण मॅडम, दीड महिन्यात पोरं वाचायला विसरतात, त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो झटकून टाकणार नाही. जूनमध्ये जोडाक्षरांपाशी अडखळणारी मुलं मी दरवर्षी बघते. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी आकडेमोड यावी, हे त्याचं उद्दिष्ट. ते गाठायचं तर सुट्टीतही वाचन चालूच राहायला हवं. पण त्यासाठी शुद्धलेखनाचं पान कशाला? मे महिना म्हणजे लग्नसराई. घरात पाच-दहा तरी पत्रिका येतात. मुलाला म्हणा, "ही पत्रिका आजोबांना वाचून दाखव. मुहूर्त किती वाजताचा? लग्न कुठल्या गावाला?" पत्रिकेत 'चि. सौ. कां.' येतं, 'आप्तेष्ट' येतं, 'शुभाशीर्वाद' येतो. यापेक्षा अवघड जोडाक्षरं पाठ्यपुस्तकात तरी कुठे आहेत? आणि आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणजे वाचणाऱ्याची खरंच गरज आहे. किराणा सामानाची यादी, एसटीची पाटी, औषधाच्या बाटलीवरची तारीख, सगळं वाचनच. रोज पंधरा मिनिटं पुरे. फक्त मोठ्याने, आणि ऐकणारं माणूस समोर हवं.

वाळवणाचं बघा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कुरडया, पापड, शेवया, सांडगे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग शिजवायचा. 'रोज पाणी बदललं की नाही' हे लक्षात ठेवायचं काम आठ वर्षांच्या मुलाकडे द्या. कॅलेंडरवर त्याने खूण करायची. सकाळी उन्हं चढायच्या आत कुरडया घालून झाल्या की चिमण्या-कावळ्यांपासून राखण, तीही सावलीत बसून. पहिला गरम चीक वाटीत कुणाला मिळणार? ज्याने पाणी बदललं त्याला! पूर्वी हे सगळं सांगावं लागत नव्हतं, गल्लीतली पोरंच गोळा व्हायची. पण म्हणून 'जुने दिवस किती छान होते' असं मी म्हणणार नाही. तेव्हाही पाटावर बसून चीक खाणारा बहुतेक मुलगा असायचा आणि पहाटे उठून पाणी बदलणारी मुलगी. तेवढं आपण आता बदलू शकतो.

काम देताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे काम संपणारं असावं. माठ भरला, संपलं. ताटं मांडली, संपलं. 'बाळाकडे लक्ष दे' हे काम संपत नाही, म्हणून ते लहान मुलाचं काम नव्हे. थोडा वेळ बाळाशी खेळणं वेगळं, आणि आई शेतातून येईपर्यंत आठ वर्षांच्या मुलीने बाळ कडेवर घेऊन बसणं वेगळं. अर्ध्या तासात संपेल, आणि संपल्यावर मूल खेळायला पळेल, एवढंच काम द्यावं.

दुसरी, ते वयाला झेपावं. तीन-चार वर्षांचं पिल्लू वाटाण्याच्या शेंगा सोलेल, चपला ओळीत लावेल, पाखरांसाठी वाटीत पाणी ठेवेल. पाच-सहा वर्षांचं ताटं-पेले मांडेल, रुमालांच्या घड्या घालेल, लसूण सोलेल. सात-आठच्या पुढे माठ, सामानाची यादी, झाडांना पाणी, पाणी कोणत्या तारखेला आलं याची नोंद. गॅस-चूल नको, विळी नको, उकळतं काही नको. विहीर, शेततळं, कॅनॉल यांच्या जवळ तर एकट्याने मुळीच नको. दर उन्हाळ्यात पोहायला गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि विसरतो. दुपारी बारा ते चार उन्हात कुठलंही काम सांगू नका, दुकानातून दूध आणायचंसुद्धा नाही. उन्हातून आलेल्या मुलाला पन्हं, लिंबू सरबत, ताक द्या. मूल मलूल वाटलं, अंग तापलं, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. काम आलटून-पालटून द्या. नाहीतर होतं काय, आपण मुलाला बाहेरचं 'मोठेपणाचं' काम देतो आणि मुलीला चुलीजवळचं. दर सोमवारी बदला. या आठवड्यात ताट मुलगा मांडेल आणि सायकलच्या चाकात हवा मुलगी भरेल. पुढच्या आठवड्यात उलट. आमच्या घरी फ्रीजच्या दारावर कागद लावलाय. त्यावर माझं नाव आहे, मुलांच्या बाबांचंही आहे. बाबांच्या नावापुढे काही लिहिलेलं नसेल तर हा सगळा लेख मुलांना पटणार नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता मोबाईल. तो मुलाच्या हातात कुणी दिला? आपणच. दुपारी झोप लागावी म्हणून, पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून, जेवताना घास पोटात जावा म्हणून. मी शिक्षिका आहे, तरी मीही दिलाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ नको, कमी असेल तितकं चांगलं. आपल्या घरातला हिशोब आपण प्रामाणिकपणे करावा. पण नुसता हिसकावून घेऊन भागत नाही. रिकाम्या हातात काहीतरी द्यावं लागतं. माझा अनुभव असा, की काम असलेलं मूल मोबाईल पूर्ण सोडत नाही, पण दुपारी एकदा तरी तो आपणहून खाली ठेवून "माठ बघून येतो" म्हणतं. मला तेवढं पुष्कळ वाटतं.

काही पालक म्हणतील, "मॅडम, आम्ही सकाळी सहाला बाहेर पडतो, रात्री येतो. ना गच्ची, ना वाळवण, ना आजी. हे तुमचं ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठी." ही अडचण खरी आहे. ऊसतोडीहून परतलेल्या आई-बाबांना तर मी 'मुलासोबत वेळ घालवा' हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना एवढंच सांगते, रात्री जेवताना मुलाला विचारा, "आज तुझं काम झालं का?" एक वाक्य. त्या वाक्यासाठी मूल दिवसभर थांबलेलं असतं. आणि ज्या घरात मुलीशिवाय पाणी भरायला खरंच कुणी नाही, तिथे निदान कळशी लहान करा, खेपा भावासोबत वाटा, आणि एक तास असा ठरवा की त्या तासात तिला कुणीही हाक मारायची नाही.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. १ मेला निकाल देताना चाळीस पानी वहीऐवजी एकच कोरा कागद द्या. वर लिहा, 'घरातलं माझं काम'. मुलाने काम निवडायचं आणि रोज एक ओळ लिहायची. जमेल तशी, चुकली तरी चालेल. मी गेल्या उन्हाळ्यात हे करून बघितलं. सगळे कागद आले नाहीत, खोटं कशाला बोलू? काही हरवले, एक शेळीने खाल्ला, असं मला सांगण्यात आलं. पण जे आले ते मुलांच्या अक्षरात होते. एकाने लिहिलं होतं, "आज मी पाणी ठेवले. दोन साळुंक्या आल्या. त्या भांडल्या." दोनच साळुंक्या, पण त्याने स्वतः बघितलेल्या! आणि जून उजाडल्यावर हे कागद नीट वाचा. कुणाच्या कागदावर एकही काम नाही आणि कुणाच्या कागदावर दहा आहेत, ते बघा. मग पालकसभेत नाव न घेता त्यावर बोला. तिसरीतल्या त्या मुलीच्या आईशी मी असंच बोलले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मॅडम, मलाबी कुणी सुट्टी दिली नव्हती. म्हणून ध्यानातच आलं नाही." यावर मला काही बोलता आलं नाही. पुढच्या वर्षी मुलाच्या कागदावर पहिलीच ओळ होती, "मी आणि बहिणीने पाणी भरले."

शेवटी आमच्या घरची खबर. माठ आता व्यवस्थित भरला जातो. फरशी अजून रोज थोडी ओली होते. सासूबाई बडबडतात, पण पाणी हवं असलं की हाक नातवालाच मारतात. परवा दुपारी मी पोळ्या करत होते. पीठ संपलं, हात कणकेचे, डबा वरच्या फळीवर. तोंडातून नेहमीची हाक निघणार तेवढ्यात मी आतल्या खोलीत डोकावले. लेक पंख्याखाली पालथी पडून, पाय हवेत हलवत गोष्टीचं पुस्तक वाचत होती. तिचं त्या आठवड्याचं काम सकाळीच झालं होतं.

मी हात धुतले आणि डबा स्वतः काढला.